दूध गेलं गं!

भैरवगढहून एक छापेवाली बाई आमच्या माधव नगरच्या घरी ठशांनी छापलेल्या चादरी घेऊन यायची. वय आईएवढंच, साठीच्या पुढचं. चादरी दाखवून झाल्या की चहा होईस्तोवर ती एक माळवी गाणं म्हणायची. कापसाची गाडी घेऊन गेलेला नवरा, पूर आलेली नदी आणि अलीकडच्या काठावर उभी असलेली त्याची बायको. चाळीस कडवी. नदी उतरायच्या आत चहा व्हायचा आणि गाणं अर्धंच राहायचं.

आई गणिताची निवृत्त शिक्षिका. असं गाणं वाया जाऊ नये म्हणून तिनं मला ते मोबाइलवर रेकॉर्ड करायला लावलं. गाण्यातली बायको नदीत पाय घालते, नेमकी त्याच कडव्याला आई किंचाळली, "अगं, दूध गेलं गं! गॅस, गॅस!" रेकॉर्डिंग तिथेच थांबलं.

इंदूरचा माझा मामेभाऊ लग्नांत डीजे लावतो. मी त्याला ते रेकॉर्डिंग पाठवलं. त्यानं छापेवाल्या बाईंना विचारून गाण्याला ढोल जोडला, रेकॉर्ड झालेल्यांपैकी तीनच कडवी ठेवली आणि आईची किंकाळी मात्र चार वेळा घातली.

थोड्याच दिवसांत देवास गेटच्या स्टँडवरच्या बसगाड्यांत तेच वाजायला लागलं. एका रिक्षावाल्याला मी मुद्दाम विचारलं, "भैया, इसका मतलब क्या है?"

"हीरोइन का नाम है मैडम. दूधगेलंगं. साउथ की है."

आईनं भाच्याचा फोन उचलणं बंद केलं. "जन्मभर बीजगणित शिकवलं मी! आणि लोक ओळखणार कशावरून, तर उतू गेलेल्या दुधावरून!" भाजीवाल्यानं तिचा आवाज ओळखला, तेव्हा ती भेंडी तिथेच टाकून घरी आली.

मला खरी धास्ती बाईंची होती. त्या आल्यावर मी म्हटलं, "आपका गाना बिगड़ गया."

"अरे बेटा, मेरी सास भी इसी जगह चिल्लाती थी. वो तो गाली भी देती थी."

नवरात्रात आमच्या मंडपात बाईंना गायला बोलावलं. पहिल्याच कडव्याला पोरं ओरडायला लागली, "दूधगेलंगं! दूधगेलंगं!" बाई खाली उतरल्या आणि आईचा हात धरून म्हणाल्या, "चलो बहनजी, नहीं तो ये सुनेंगे नहीं."

आईनं माइक घेतला. "पहले पूरा गाना होगा. जो बीच में उठेगा, उसका नाम लिखूँगी."

समोर निम्मे तिचेच विद्यार्थी, आता पोराबाळांचे बाप झालेले. एकही उठला नाही. शेवटच्या कडव्यात नवरा परत येतो, हे मलाही त्या दिवशीच कळलं. मग आई अशी काही ओरडली, की मागे प्रसादाची कढई चढवलेल्या आचारी महाराजांनी खरोखरच गॅस बंद केला.

आता दोघी जोडीनं कार्यक्रमांना जातात. मागच्या महिन्यात शाजापूरला स्टेजवर फ्लेक्स होता: 'मालवा की मशहूर बहनें'. दोघींनी तो वाचला.

"बड़ी वाली मैं हूँ," बाई म्हणाल्या.

"पहले जन्मतारीख बताइए," आई म्हणाली.