उजव्या हाताचा ब्रेक

अण्णा गेल्याचा त्यांच्या लेकीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी टेम्पोच्या टायरवरून दुकानदाराशी वाद घालत होतो. फोन ठेवला, दुकानदार म्हणेल तो भाव दिला आणि भाटघरला अण्णांच्या घरी निघालो. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

कापूरहोळला अण्णांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. मी तेव्हा गुंजवण्याकडच्या गावांतून अंडी गोळा करून तिथल्या ढाब्यांवर घालायचो. त्यांच्याकडून जुनी सायकल घेतली, त्या दिवशी त्यांनी मला पाठमोरं उभं केलं आणि मागून पान्ह्यानं पत्र्याचा डबा धाडकन वाजवला. मी दचकलो, शिवी हासडली. अण्णा शांतपणे म्हणाले, "उजवी मूठ आवळली तुजी. मागचा ब्रेक उजवीकडं देतो." प्रत्येक गिऱ्हाइकाचा हात ते असाच बघायचे. घाबरल्यावर जो हात आधी आवळतो त्याच्याकडे मागचा ब्रेक, म्हणजे माणूस तोंडावर पडत नाही. सगळीकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. अण्णांकडे माणूस बघून ठरायचं.

ती सायकल मी दोन वर्षं उतारावर बेफाम चालवली, एक अंडं फुटलं नाही. मग एकदा ती पंक्चर झाली म्हणून शेजाऱ्याची घेतली. उतारावर समोर एसटी आली, सवयीनं उजवा हात दाबला… पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून पलीकडे. मागच्या अंड्यांचा सडा पडला, दात गेले. रक्ताळलेल्या तोंडानंच मी दुकानात शिरलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "तुमी माझा हात बिगडवला! दुसऱ्याची सायकल घेताना आधी ब्रेक दाबून बग, येवढं सांगता येत न्हवतं?" अण्णा खाली बघून समोरच्या चाकाचे आरे आवळत राहिले. त्यानंतर वीस वर्षं मी त्यांच्या दुकानाची पायरी चढलो नाही. धंदा वाढला, दोन टेम्पो आले, पण राग काही उतरला नाही.

दोन महिन्यांपूर्वी ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं. भेटायला गेलो, पण खरं सांगायचं तर भांडण जिंकायला गेलो. तब्येतही न विचारता म्हणालो, "तुमी मला सांगितलं व्हतं का न्हाई?"

"न्हाई," ते म्हणाले. "सांगनार व्हतो. पर तू घंटी फुकट दे म्हनून तासभर डोकं खाल्लंस. मलाबी राग आला. म्हटलं, घे घंटी आन् जा येकदाचा."

"मग येवढी वर्सं बोलला का न्हाई?"

"तू तोंड फिरवून जायचास. बोलू कुनाशी? दात दाखव बरं."

मी तोंड उघडलं.

"येकच गेलाय की! दोन गेले म्हनून गावभर सांगत फिरतोस."

"दुसरा हलत व्हता!" मी म्हणालो. त्यांना हसताना ठसका लागला. गुरुवारी परत येतो म्हणालो, पण मालाच्या एका सौद्यात अडकलो. पुढच्या गुरुवारीही तेच… मग हा फोन.

घरात गेलो तर त्यांच्या खाटेशेजारी एक खुर्ची होती. सुनंदा म्हणाली, "काका, ती तुमची. तुमी येनार म्हनून ठेवायला लावली, मग हलवूच दिली न्हाई. पावनं आलं तरी म्हनायचे, तिकडं बसा, हितं भांडायला मानूस येनार हाय."

माणसं दाटीवाटीनं जमिनीवर बसली होती. ती खुर्ची तेवढी रिकामी होती. मी तिच्यावर जाऊन बसलो.