अंधारात उडालेला निळा रंग

बालाघाटच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. शिकवते हिंदीत, चिडते मराठीत. गेल्या काही वर्षांत चिडण्याचंच काम जास्त झालं, आणि त्याला कारण एक पांढुरकी पावडर.

ती मीच बनवायची. झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. पाण्यात टाकून उन्हात ठेवले की ते पाण्यातला रंग तोडून टाकतात. अडचण अशी, की साध्या झिंक ऑक्साइडला उन्हातला थोडासा, डोळ्यांना न दिसणारा भागच चालतो. बाकीचं ऊन वाया. त्यात थोडं तांबं मिसळलं तर दिसणारा उजेडही कामी येईल का, हा माझा पीएचडीचा विषय. तांबं म्हटलं की इथे प्रत्येक जण विचारणार, "मलाजखंडच्या खाणीतलं का?" नाही हो, बाटलीतलं.

विषय सुचला मावशीमुळे. तिच्याकडे हातमाग आहे, सूत घरीच रंगवतात, आणि उरलेलं रंगाचं पाणी नालीत जातं. "एवढी शिकली तू, या पान्याचं काई कर ना," असं ती म्हणाली आणि मी हो म्हणून बसले.

प्रयोगशाळेत दिवा लावलेली पेटी होती, पण प्रयोग जरा रंगात आला की वीज जायची. म्हणून कॉलेजच्या गच्चीवर गेले. तिथे वानरांनी दोनदा बीकर उलटवले. शेवटी वरून जाळी टाकली आणि जमलं! निळं पाणी तासाभरात नितळ. तांबं जितकं जास्त, तितकं लवकर. आलेख काढून गाइडना पाठवले. त्यांनी कळवलं, लेख लिहायला घ्या.

लेख अर्धा झाला होता. एका सकाळी चार बीकर तयार केले, तेवढ्यात परीक्षेच्या ड्यूटीचं बोलावणं आलं. आमच्या प्रयोगशाळेत निवृत्तीला आलेले एक काका आहेत. त्यांना म्हटलं, "काका, एवढे गच्चीवर उन्हात ठेवून द्या." तीन तासांनी येऊन बघते तर जाळीखाली तीनच.

"काका, चौथा कुठाय?"

"जाळीत मावत नव्हता. कपाटात ठेवला."

"काहून पण? उन्हात ठेवा म्हटलं होतं ना!"

मी बरंच बोलले. वीज, वानरं, ड्यूटी, सगळ्यांचा राग त्यांच्यावर काढला. माझं संपल्यावर ते म्हणाले, "रागवा तुम्ही, पन त्यातलाबी रंग गेला, म्याडम. पाहून घ्या."

कपाट उघडलं. आतलं पाणी गच्चीवरच्या पाण्याइतकंच नितळ होतं आणि तळाशी बसलेली पावडर निळीशार. रंग तुटलाच नव्हता, कणांना चिकटून खाली बसला होता. मी आजवर वरचं पाणी काढून तेवढंच मोजत होते. गाळाकडे बघितलं कोणी? तुलनेसाठी एक नमुना अंधारात ठेवायचा असतो, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. स्वतः ठेवला नव्हता.

"काका, चूक माझी."

"हौ," ते म्हणाले आणि बीकर धुवायला घेऊन गेले.

सगळं पहिल्यापासून केलं. आधी पावडर आणि रंग अंधारात ठेवायचे, चिकटायचा तेवढा रंग चिकटू द्यायचा, मग ऊन. आता तासाभराच्या कामाला अख्खी दुपार लागायला लागली. जास्त तांब्याची पावडर, जिच्यावर मी लेख लिहीत होते, तीच सर्वांत मठ्ठ निघाली. अगदी थोडं तांबं घातलेली तेवढी साधीपेक्षा खरंच बरी होती. तो अर्धा लेख फाडून टाकला.

ती पावडर घेऊन मावशीकडे गेले. तिच्या पाण्यात रंगाबरोबर मीठ होतं, सोडा होता, सुताचा मळ होता. माझी पावडर त्यात नुसती तरंगत राहिली. गाळायला गेले तर फडक्यातून आरपार.

"आधी लाल होतं, आता गुलाबी दूध केलं तू," मावशी म्हणाली. "हे का ढोराले पाजू?"

मी फडकं पिळून पिशवीत टाकलं आणि निघाले. बसमध्ये शेजारच्या बाईशी खिडकीवरून भांडले.

आठवड्याने मावशीचा फोन. "तू पावडर पान्यात सोडतेच काहून? कशाले तरी चिकटव ना."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. लोक काचेवर चिकटवतात. पण मावशीने सांगितलं म्हणून जास्त झोंबलं. तिच्याच घरावरून उतरवलेली जुनी कवेलू, म्हणजे कौलं, मागवली, त्यांच्यावर पावडरीचा लेप दिला आणि भट्टीत भाजली. पहिल्या खेपेचा लेप पाण्यात पडताच पापुद्र्यासारखा सुटला. दुसरी खेप टिकली. पसरट टाक्यात ती कवेलू मांडली, वर रंगाचं पाणी पातळ करून सोडलं. अंधारातला नमुना या वेळी आधी ठेवला. तीन दिवसांच्या कडक उन्हात लाल पाणी फिकट पिवळं झालं. झाकलेलं मात्र लालच होतं.

मावशी टाळ्या पिटायची बाकी होती. मी म्हटलं, "रंग गेला म्हणजे घाण गेली असं नाही, मावशी. तुटलेल्या रंगाचे तुकडे पाण्यात काय करताहेत ते तपासावं लागेल. मीठ तर तसंच आहे. हे पाणी जनावराला द्यायचं नाही."

"तुले खुश व्हता येत नाही का?"

येतं. पण तपासणीचं यंत्र मोठ्या शहरात आहे, आणि माझ्या बाटल्या तिथे पोचल्या त्याच आठवड्यात ते दुरुस्तीला गेलं. दर सोमवारी फोन करते. पलीकडचा माणूस म्हणतो, "बस, अगले हफ्ते."