पळसाचा महिपत

हौसाला गावात कोणी सवाष्ण म्हणून ओटी भरायला बोलवत नसे आणि विधवा म्हणून टाळतही नसे. पालीच्या पलीकडे, घाटाच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत बायका दोनच प्रकारच्या असायच्या, नवरा असलेली आणि नवरा गेलेली. हौसा यातली कुठलीच नव्हती. तिचा नवरा महिपत पलटणीत होता आणि एकाहत्तरच्या लढाईत तो बेपत्ता झाला. सरकारने तो मेला असं कधी कळवलं नाही, जिवंत आहे असंही कळवलं नाही. बेपत्ता हा शब्द सरकारला बरा सोयीचा पडतो. घरच्यांना मात्र तो घेऊन बारा वर्षं काढावी लागली.

त्या बारा वर्षांत हौसा कपाळभर कुंकू लावून भात लावत होती, काजू वेचत होती, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करत होती. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "येतील तेवा येतील." तो येईल असं तिला खरंच वाटत होतं का? असले प्रश्न विचारणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं. तो मेला असं कोणी आपल्याला सांगितलेलं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आणि कोणी सांगितलेलंच नाही, तर आपल्या हाताने आपण बांगड्या का फोडाव्यात?

सासू होती तोवर त्याला मेला धरून क्रिया करायच्या विषयाला घरात थारा नव्हता. "माज्या पोराचा पुतला जालायचा आसल तर आदी मना जाला," असं बजावून म्हातारीने सगळ्यांची तोंडं बंद केली होती. शिमग्याच्या सुमाराला म्हातारी गेली. धाकटा दीर केरू गिरणीच्या संपात मुंबईहून परत येऊन घरी बसला होता. त्याची दोन्ही पोरं पाठोपाठ आजारी पडली. पालीच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. दुभती गायही त्याच दिवसांत आटली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, दुसरं काय! पण घरात आजारपण ठाण मांडून बसलं की माणसाला औषधाने भागत नाही, त्याला कारण लागतं. गुरवाने देवीला कौल लावला. देवीने सांगितलं म्हणे, घरातला एक माणूस वाटेत अडकलाय, त्याला मोकळा करा.

मोकळा करा म्हणजे पुतळा करा. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याचा पळसाच्या काड्यांचा आणि पानांचा देह करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि खरं मढं समजून त्याला अग्नी द्यायचा. त्यानंतर तो माणूस मेला. मग उद्या तो स्वतःच्या पायांनी दारात येऊन उभा राहिला, तरी मेला तो मेलाच.

घरातलं कोणीच वाईट नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. केरू तिच्यासमोर मान खाली घालून म्हणाला, "वयनी, तू नाय म्हन, मी आत्ता थांबवतंय." तो हे बोलत असतानाच आत त्याच्या पोराला खोकल्याची उबळ आली. जाऊ जनी पोराच्या छातीला तेल चोळत होती. ती हौसाकडे बघत राहिली. नको म्हणावं तर पोरांच्या जिवाशी खेळ, हो म्हणावं तर नवऱ्याच्या. इकडे आड आणि तिकडे विहीर! "तुमाला बरा दिसल तां करा," हौसा म्हणाली, "मना इचारू नको."

माघातल्या एका सकाळी पालीहून भटजी आले. खळ्यात पळसाच्या काड्यांचा ढीग पडला होता आणि वाडीतली चार माणसं जमली होती. हौसा पडवीच्या दाराआड उभी होती. भटजींनी विचारलं, "माणूस उंचीला केवढा होता? माप बरोबर सांगा. माप चुकलं तर ते त्याला पोचत नाही."

सासरा धोंडू उठला. उभा जन्म मुंबईच्या गोदीत गेलेला माणूस. मुलगा पलटणीत, बाप गोदीत, दोघांची गाठ पडली ती लग्नाच्या गर्दीत. त्याच्या मनात महिपत दहा-बारा वर्षांचा पोरगाच राहिला होता. त्याने आपल्या छातीवर हात ठेवला. "हितवर यायचा," तो म्हणाला. भटजींनी केरूकडे पाहिलं. "मी तेवा ल्हान हुतो. मना तो आभालाएवडा वाटायचा," केरू म्हणाला आणि त्याला रडू आलं. मग म्हाताऱ्याचंच माप धरलं गेलं.

दाराआड हौसाने ते ऐकलं. माप चुकलं होतं. म्हणजे हे जे काही चाललं होतं ते महिपतला पोचणार नव्हतं, तो या सगळ्यातून सुटला होता! तिने फक्त तोंड मिटून राहायचं होतं. बांगड्या फुटल्या तर फुटू देत, कुंकू पुसलं तर पुसू दे. आपला नवरा मेलेला नाही हे तिचं तिला ठाऊक राहिलं असतं, आणि तेवढ्यावर तिने उरलेला जन्म काढला असता.

काड्या बांधून झाल्या, पानं लावली, नारळ ठेवला. धोंडूने वर पांढरं कापड घातलं. कापड पायाकडे उरलं, ते त्याने दुमडून खाली सारलं. हौसाने दाराआडून पाहिलं. खळ्यात एक पोरगं झोपवलं होतं. सगळे त्या पोराला हात जोडत होते आणि केरू दादा दादा म्हणून हुंदके देत होता.

तिने ओठ दाबून धरले. पण डोळ्यांसमोरून ते दुमडलेलं कापड काही हलेना. एवढासा? आपला माणूस एवढासा? शेवटच्या रजेवर आला तेव्हा गोधडी त्याला पुरत नव्हती, म्हणून तिने खालून जुन्या लुगड्याचा पदर जोडून दिला होता. अख्ख्या घरात आज कोणालाच तो केवढा होता ते माहीत नव्हतं. पुढे नातवंडं विचारतील तेव्हा म्हातारा छातीवर हात ठेवून दाखवेल, आणि मग हेच पोरगं महिपत होऊन बसेल. गप्प राहा, असं ती स्वतःला बजावत होती. पाय कधी उंबऱ्याबाहेर पडले तिचं तिलाच कळलं नाही.

"ते एवडं नवतं," ती म्हणाली. चारचौघांत नवऱ्याबद्दल ती पहिल्यांदाच बोलत होती. "गोदडीतनं पाय भायर येयाचं त्यांचं. लांब करा."

भटजींनी पुन्हा काड्या घेतल्या. ती "अजून" म्हणत गेली आणि ते जोडत गेले. मध्ये एकदा तिला वाटलं, आत्ता इथेच "बास" म्हणावं, चार बोटं कमी राहू द्यावीत. तेवढ्यानेही माप चुकलं असतं. पण तिच्या तोंडून पुन्हा "अजून"च आलं. शेवटी म्हाताऱ्याने कापड घातलं, ते या खेपेला डोक्यापासून पायापर्यंत नेमकं पुरलं. तो तिच्याकडे वळला.

"बग गो बाय," तो म्हणाला. "आता ह्योच काय आपला महिपत?"

हौसाने हात जोडले.

"हां," ती म्हणाली. "हेच."