पोटगी माझी, नाव अण्णांचं

मंडळी, घरातल्या गोष्टी मी ग्रुपवर लिहीत नाही, पण आज डोकं फिरलंय.

घटस्फोटानंतर माझी लेक अमेरिकेत तिच्या आईकडे असते. तिची पोटगी मी इथून, सिंगापूरहून, दर महिन्याला तिथल्या सरकारी ऑफिसला पाठवतो. तरी गेल्या आठवड्यात पत्र आलं, पोटगी थकली म्हणून तुमचं अमेरिकेतलं ड्रायव्हिंग लायसन्स सस्पेंड केलंय. पुढच्या महिन्यात मला लेकीला भेटायला जायचंय. विमानतळापासून तिचं गाव गाडीने दोन तास, आणि बस एकही नाही.

आज सकाळी चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसच्या जिन्यात उभं राहून, कॉलिंग कार्ड वापरून तिथे फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "पैसे येतात, पण ते कुणी मिस्टर शंकर पाठवतात."

इथली बँक माझं नाव 'सोनवणे मिलिंद शंकर' असं छापते. बाईंनी शेवटचा शब्द आडनाव धरला!

"हे शंकर तुमचे कोण?"

मी गाढवासारखं खरं सांगून बसलो. "वडील."

"मग ते आजोबांनी दिलेलं गिफ्ट झालं, पोटगी नाही. तसं नसेल तर त्यांच्या सहीचं पत्र आणा."

"अहो, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली."

"पण पैसे तर गेल्या महिन्यातही आलेत."

नातीचं तोंडही न बघता गेलेले आमचे अण्णा तिथे दर महिन्याला पैसे भरतायत, आणि पैसे बुडवणारा बाप मी. आता तुम्हीच सांगा, सही कुणाची आणू?