खिमटीची वाटी

माझा धाकटा भाऊ खिमटीची झाकलेली वाटी घेऊन स्वयंपाकघर ते सुमनची खोली अशा फेऱ्या घालतो आहे. सुमन त्याची बायको. दुखण्याने तिची अन्नावरची वासना उडाली आहे. वाटी जाते तशी परत येते. तो ती गरम करतो आणि पुन्हा निघतो. बघून माझाच जीव कावतो.

हा लष्करात जनरल होता. लढण्यापेक्षा रसद पोचवण्यातच त्याची सगळी नोकरी सरली. बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत डोंगरावरच्या ठाण्यांवर हिवाळाभराचं पीठ, रॉकेल, मोजे खेचरांवरून चढवायचे. पोचल्याचा निरोप येईपर्यंत त्याला घास गिळवत नसे. पोचलं की झालं. पुढे कोणाला ते गोड लागलं, हे बघणं त्याचं काम नव्हतं. आपलं तरी काय वेगळं असतं? पोरांना ताटं वाढली की आपण भांड्यांकडे वळतो.

"अक्का, हिला पेज करू का?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? खायचं तिला आहे."

आतून सुमन म्हणाली, "अहो, तुमचे जवान भुकेले होते. मला भूकच नाही. किती खेचरं पाठवाल?"

तो दारात थबकला. मग आत जाऊन खाटेच्या कडेला टेकला.

"मग काय करू?" एवढा बारीक आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"काही आणू नका. जरा बसा."

तो बसून राहिला. पाय मात्र हलतच होता.