किंकाळीनंतरचं हसू

मी शिकवायचे त्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून तो भुतांच्या गोष्टी लिहायचा. शुद्धलेखन भयंकर, गोष्टी त्याहून भयंकर. मुलं त्याला भुतोबा म्हणायची. तेच नाव पुढे चिकटलं. कोणी प्रकाशक त्याला दारात उभं करेना, तेव्हा त्याने कादंबऱ्या स्वतःच छापल्या आणि पिशवीत घालून बसस्टँडवर विकल्या. बऱ्यापैकी खपल्या. मग सिनेमाचं वेड डोक्यात शिरलं.

आईवडील लवकर गेलेले. थोरल्या बहिणीने, ताईने, लोकांचे कपडे शिवून त्याला वाढवलं होतं. त्याच्या भुतांचे झगेही तीच शिवायची आणि सिनेमातली किंकाळीही तिचीच असायची. वरच्या खोलीत माइकसमोर ताई, खाली कानाला हेडफोन लावून भुतोबा. ताई अशी ओरडायची की ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं, आणि ओरडून झालं की हटकून खो खो हसायची.

"ताई, तुझं हसू कापता कापता माझा जीव जातो गं!"

"मग माझं भूतच आण. ते नाही हसायचं."

सुरुवातीला शेजारी धावत यायचे. पुढे सरावले. "आज आवाज चांगला लागलाय," एवढंच म्हणायचे.

चौथ्या सिनेमाला पहिल्यांदाच मोठ्या थिएटरची तारीख मिळाली. फक्त शेवटची किंकाळी राहिली होती. त्या दुपारी ताई वर गेली. शूटिंगसाठी भाड्याने आणलेला जड दिवा तापून खिडकीच्या पडद्याला खेटला होता. तो तिच्या अंगावर कलंडला. पडदा पेटला, मग तिचे कपडे. ती ओरडली.

खाली भुतोबाच्या अंगावर काटा आला. त्याने जिन्याकडे तोंड करून हाक दिली, "वा ताई! अजून एकदा!"

ती पुन्हा ओरडली. तो हसू यायची वाट बघत बसला. हसू आलं नाही, तेव्हा जिन्याकडे धावला.

मी दवाखान्यात गेले, तेव्हा ताई शुद्धीवर होती. "बाई, तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, तोच आवाज वापर म्हणावं. एवढं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नाही."

भुतोबा भिंतीकडे तोंड करून उभा होता. "ताई, गप्प बस ना."

"सिनेमा पडला तर बघ. मानगुटीवर बसेन."

त्याच आठवड्यात ती गेली.

थिएटरच्या मालकाने ती किंकाळी ऐकली होती. "हिच्यावरच सिनेमा चालणार," तो म्हणाला.

पहिल्या खेळाला मी त्याच्या शेजारी बसले होते. शेवटी पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं आणि मी डोळे मिटून घेतले. किंकाळी आली आणि तिच्या पाठोपाठ खो खो हसू. जुन्या सिनेमाच्या वेळची किंकाळी होती ती, न कापलेली.

लोक क्षणभर गोंधळले. मग कोणीतरी ओरडलं, "अरे, भुताला गुदगुल्या झाल्या!" सगळं थिएटर हसत सुटलं. भुतोबा मान खाली घालून ऐकत होता.

"आणि ती दुसरी?" मी हळूच विचारलं.

"पुसून टाकली, बाई."

सिनेमा दुसऱ्याच दिवशी उतरवला. पुढे त्याला कोणी थिएटर दिलं नाही. आता तो ताईच्या मशीनवर उशांचे अभ्रे शिवतो. परवा गेले होते, तर म्हणाला, "सिनेमा तर पडला, बाई. पण ती अजून आली नाही. वाट बघतोय."