दाराच्या फटीतली चार बोटं

मालिकेचं नाव होतं 'चार भिंती', आणि भिंती होत्या तीनच. चौथीच्या जागी कॅमेरे, दिवे आणि बाकांवर बसून हसायला आलेली माणसं. मधल्या भिंतीत एक दार होतं, पुढून चकचकीत आणि मागून नुसतं प्लायवूड. त्याची कडी खोटी होती, चौकट वाकडी. कुणी आत आलं, की पाठीमागे ते आपलं आपण पुन्हा उघडायचं. सुतार दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्याने हात टेकले आणि सांगितलं, याला औषध एकच, मागे माणूस उभा करा.

तो माणूस म्हणजे हे गृहस्थ. दाराच्या मागच्या बाजूला एक खिळा, खिळ्याला सुतळीचा फास, आणि फास धरून उभे हे. मालिका चालली तितकी वर्षं. त्यातल्या विसरभोळ्या काकाचं काम करणारा नट त्यांना द्वारपाल म्हणायचा. मग सगळेच म्हणायला लागले, आणि खरं नाव पगारापुरतं उरलं.

पलीकडे एक कुटुंब भांडायचं, रुसायचं, पुन्हा गळ्यात पडायचं. लोक पोट धरधरून हसायचे. द्वारपालांच्या नाकासमोर प्लायवूड. ऐकून ऐकून सगळ्यांचे संवाद मात्र त्यांना पाठ झाले होते. त्या घरात कोण कधी रुसतं हे त्यांना ठाऊक असायचं. स्वतःच्या घरी पोचेपर्यंत लेक झोपलेली असायची.

लेक तेव्हा दुसरीत होती. तिने वर्गात सांगून टाकलं, की माझे बाबा 'चार भिंती'त असतात. पोरांनी डोळे फाडून दर आठवड्याला पाहिलं. बाबा कुठेच नाहीत. मग काय, तिला थापाडी ठरवून सगळी मोकळी झाली. तिने घरी येऊन विचारलं, तुम्ही नक्की कुठे असता? दाराच्या मागे, ते म्हणाले. त्यावर तिचा चेहरा जो पडला, तो द्वारपाल आजही विसरलेले नाहीत.

त्याच वर्षी, एक प्रसंग ऐन रंगात आला असताना सुतळी तुटली. दार उघडायला लागलं. द्वारपालांना सुचलं ते त्यांनी केलं, कडेला चार बोटं घालून दार ओढून धरलं. बोटं फटीत चिमटली. पलीकडे काका खुर्चीवरून पडत होता, लोक हसत होते आणि इकडे यांच्या डोळ्यांतून पाणी. पण प्रसंग संपेपर्यंत हूं की चूं केलं नाही. मधल्या बोटाचं नख त्या दिवशी दुभंगलं ते कायमचं. दिग्दर्शकाच्या लक्षात आलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. आपली चूक आपण होऊन चव्हाट्यावर कोण मांडतो? प्रसंग तसाच टीव्हीवर गेला. त्या सुमारास बायको एकदा म्हणाली होती, की पोरगी हल्ली खोलीचं दार बंद करू देत नाही, रडते. द्वारपाल दमलेले होते. त्यांनी नुसता हुंकार भरला आणि कूस बदलली.

मालिका संपली. पुढे बायको गेली. लेकीने दुसऱ्या शहरात नोकरी धरली, तिथेच संसार थाटला. फोन येतो. तब्येत, गोळ्या, ठेवते मग. यात वाईट कुणीच नाही. पण दोन खोल्यांत माणूस एकटा असला, की तो टीव्ही बघत नाही, नुसता लावून ठेवतो.

अशात वाहिनीने 'चार भिंती' पुन्हा दाखवायला घेतली आणि रिकामटेकड्यांना नवा उद्योग मिळाला. मालिकेतल्या चुका हुडकायच्या आणि फोनवरून एकमेकांना पाठवायच्या. काकाचा चष्मा एका वाक्यात नाकावर, पुढच्यात खिशात. आईच्या हातातला कप भरलेला, मग रिकामा, मग न ओतताच भरलेला. आणि सगळ्यांत लाडकी चूक म्हणजे बंद दाराच्या फटीतली चार बोटं. लोकांनी तिला भुताचा हात म्हणायला सुरुवात केली होती. औषधांच्या दुकानदाराने द्वारपालांना ते चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, हा माझा हात आहे. दुकानदार हसला. काल एकजण सांगत होता म्हणे, की तो त्याच्या मामाचा आहे.

द्वारपालांना राग आला नाही. दुकानदाराला पटवून करायचंय काय? पटवायचं होतं एकीलाच. तो भाग रविवारी पुन्हा लागणार होता. त्यांनी आपण होऊन लेकीला फोन लावला आणि रविवारी ये म्हणाले. काय झालं, तिने घाबरून विचारलं. काही नाही, टीव्ही बघायला ये.

ती आली, प्रवासाने शिणलेली. त्यांनी आधी काहीच सांगितलं नाही. तिचं तिनेच बघावं आणि ओळखावं, एवढीच त्यांची हौस. तो प्रसंग लागला. काका आत आला, दार बंद झालं, काका खुर्चीवरून पडला. दाराची कड कोरी होती. लोकांनी इतका बोभाटा केला होता, की वाहिनीने सगळ्या चुका पुसून टाकल्या होत्या. खाली पट्टीही फिरत होती, आता नव्या, निर्दोष रूपात.

"इथे माझा हात होता," द्वारपाल म्हणाले. "खरंच होता."

लेकीने उठून त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडला आणि सकाळची घेतली का ते पाहिलं. लोकांच्या फोनवर अजून आहे तो, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दुकानदाराचं हसू आठवलं आणि ते गप्प बसले. इतकं एकटं त्यांना घरात कुणी नसतानाही वाटलं नव्हतं.

दुपारच्या गाडीची वेळ झाली. ती जिन्याकडे निघाली तरी द्वारपाल दार लावेनात. ही त्यांची जुनी खोड. माणूस खाली उतरेपर्यंत दार पुरतं लावायचं नाही, आणि वाऱ्याने उघडू नये म्हणून आतून कडेला चार बोटं घालून धरून ठेवायचं.

पावलं थांबली. मग परत आली. द्वारपालांना ती दिसत नव्हती. समोर नेहमीसारखी फळी. बाहेरून तिचं बोट त्यांच्या दुभंगलेल्या नखावर टेकलं.

"हे मी पाहिलंय, बाबा," ती दारापलीकडून म्हणाली. "टीव्हीत. दुसरीत असताना. बाकीची पोरं हसत होती आणि मी घाबरून डोळे मिटून घेतले. कितीतरी दिवस वाटायचं, आपल्या दाराआड कुणीतरी उभं आहे."

"मीच होतो," ते म्हणाले.

"आणि मी तुम्हालाच हाका मारायचे."

तिची गाडी चुकेल म्हणून शेवटी त्यांनीच तिला जा म्हटलं. तिने बोट काढून घेतलं. पावलं जिना उतरून गेली, खालचा आवाजही थांबला, तरी द्वारपाल दार धरून उभे होते. डोळे पुसायला एक हात मोकळा होता, पण तो त्यांनी उचलला नाही.